ताई, भिंतीवरच्या त्या कागदाबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

तालमीच्या खोलीत (गाण्याच्या, लाल मातीच्या नव्हे) गाणं लोकांपर्यंत कसं न्यायचं ते सांगणारा तुमच्या हातचा कागद अजून भिंतीवर आहे. आभार फोनवरही मानता आले असते. पण कोल्हापुरात गाणी करणारी बरीच पोरं ‘गाणं झालं, आता टाकायचं कुठं’ इथंच अडतात, म्हणून हे पत्र उघडं लिहितोय.

सगळ्यात आधी नावाबद्दल आभार. बँडचं रोमन स्पेलिंग एकदा ठरवायचं आणि स्पॉटिफाय, यूट्यूब, इन्स्टाग्रामवर अक्षर न् अक्षर तेच ठेवायचं. एक ‘ए’ जादा पडला तरी गाणं भलत्याच प्रोफाइलवर जाऊन बसतं आणि ऐकणारे दोन ठिकाणी वाटले जातात. गाण्याचं नाव देवनागरीत असलं तरी यूट्यूबच्या वर्णनात रोमन स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी हवं, कारण शोधताना मराठी माणूससुद्धा रोमनमध्येच टाइप करतो. आणि भाषेच्या रकान्यात ‘मराठी’च निवडायची, घाईत तिथं हिंदी राहून जाते.

मग तारखा. रिलीजचा शुक्रवार ठरला की उलटं मोजत यायचं. चार आठवडे आधी डिस्ट्रिब्युटरकडे (आपलं गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोहोचवणारी कंपनी) वेव्ह फाइल, म्हणजे न दाबलेला मूळ आवाज, आणि 3000 बाय 3000 पिक्सेलचं चौकोनी कव्हर. कव्हरवर फोन नंबर, इन्स्टाचं हँडल किंवा वेबसाइटचा पत्ता असला की ते परत येतं आणि दुरुस्तीत दिवस जातात. मास्टर करताना, म्हणजे आवाजावर शेवटचा हात फिरवताना, डॉल्बीच्या भिंतीचा मोह टाळायचा. स्पॉटिफाय आवाज साधारण -14 एलयूएफएसला (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आणतं, म्हणजे दाबून मोठं केलेलं गाणं तिथं खाली ओढलं जातं आणि चेपलेपणा तेवढा शिल्लक राहतो.

गाणं डिस्ट्रिब्युटरकडून स्पॉटिफायकडे पोहोचलं की कलाकारांसाठीच्या ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’मधून प्लेलिस्टच्या संपादकांकडे ते पिच करता, म्हणजे सुचवता येतं. एका वेळी एकच गाणं, आणि रिलीजनंतर ही सोय बंद. प्लेलिस्टमध्ये निवड होईल याचा भरवसा नाही. पण किमान 7 दिवस आधी पिच केलं तर ते गाणं फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये, जातं. या ओळीखाली तुम्ही दोनदा रेघ मारली होती. पिचमध्ये ‘हृदयाला भिडणारं गीत’ लिहायचं नाही. वाद्यं कोणती, लय कशी, गाणं कशाबद्दल, बँड कुठला, एवढंच.

रील्सची गोम वेगळी. रिलीजआधी व्हिडिओत गाणं मिसळून टाकलं की इन्स्टाग्राम त्याला ‘ओरिजिनल ऑडिओ’ धरतं. लोकांनी त्यावर रील्स केल्या तरी त्या अधिकृत गाण्याला जोडल्या जात नाहीत. म्हणून आधी तालमीचे तुकडे, वेगळी चाल, शब्दांची ओळ. आणि खरं गाणं रिलीजनंतर इन्स्टाच्या लायब्ररीतून घ्यायचं. फ्रेम 1080 बाय 1920, आणि शब्द तळाशी नकोत, तिथं कॅप्शन बसतं. ओळख करून देण्यात सेकंद घालवायचे नाहीत, थेट मुखड्यावर यायचं.

‘पाचशे रुपयांत दहा हजार स्ट्रीम’वाल्यांना तुम्ही दारातूनच परत पाठवायला लावलंत, तेही बरं झालं. बनावट स्ट्रीम पकडले की दंड डिस्ट्रिब्युटरला बसतो, तो आपल्याकडून वसूल करतो किंवा गाणंच उतरवतो. शिवाय 2024 पासून मागच्या 12 महिन्यांत 1000 स्ट्रीम झाल्याशिवाय स्पॉटिफायवर त्या गाण्याचे पैसेच सुरू होत नाहीत. तो आकडा खऱ्या कानांनीच गाठायचा.

पण सगळ्यात मोठा उपकार ऐकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप यादीचा. इन्स्टाचे फॉलोअर इन्स्टाचे, ऐकणाऱ्याचा नंबर मात्र आपल्याकडे. शाहू स्मारकसारख्या ठिकाणी कार्यक्रम असला की दाराशी क्यूआर कोडचा फलक. कोडची बाजू अंतराच्या एक दशांश, म्हणजे दोन मीटरवरून स्कॅन व्हायचा तर 20 सेंटिमीटर. व्हिजिटिंग कार्डाएवढा कोड स्टेजवर लावून काय उपयोग! स्कॅन केलं की चॅट उघडावं आणि त्यात ‘माझं नाव, माझं गाव’ आधीच लिहिलेलं असावं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो ती यादी) 256 जण मावतात, आणि मेसेज फक्त ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोहोचतो. म्हणून पहिल्या उत्तरातच ‘नंबर सेव्ह करा’ म्हणायचं. तेवढं विसरलं की यादी भरलेली दिसते आणि समोर कुणीच नसतं.

गावाचा रकाना म्हणजे तर नादखुळा. इचलकरंजीत कार्यक्रम असेल तर मेसेज इचलकरंजी-जयसिंगपूरवाल्यांनाच जातो, गडहिंग्लजच्या माणसाला उगाच त्रास नाही. महिन्यात दोनच मेसेज, हा तुमचा नियम आम्हाला कंजूषपणाचा वाटायचा. यादीतून माणसं का गळतात ते बघितल्यावर वाटेनासा झाला.

गाण्यातल्या हिश्श्यांचा कागद मात्र रेकॉर्डिंगच्या आधीच झाला पाहिजे: शब्द कुणाचे, चाल कुणाची, टक्के किती, सह्या. आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) गीतकार-संगीतकारांची नोंद करताना हेच टक्के लागतात. गाणं चालायला लागल्यावर ते ठरवायला बसलं की बँड मोडतात.

तुमच्या कागदावरच्या ‘आयएसआरसी’च्या (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) ओळीवर चहा सांडलाय. 12 अक्षरांचा कोड आणि डिस्ट्रिब्युटर बदलताना तोच द्यायचा, म्हणजे जुने स्ट्रीम टिकतात, इथपर्यंत वाचता येतं. पुढचं पुसलंय. राजारामपुरीकडे आलात तर तेवढं परत लिहून द्या.

तुमचे,
बँडमधले चौघं, कोल्हापूर