तुमचं नाव मी माझ्या हाताने काढलं, ताई

ताई, नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं ताई. पत्र मात्र चारचौघांत लिहितोय. आमची वेबसाइट तुम्ही उभारून दिलीत, पण तिच्यावर तुमचं नाव कुठेच नाही, आणि ते तुम्हीच माझ्याकडून काढून घेतलंत. त्याला आता बरेच महिने झाले, तरी ती संध्याकाळ काही डोक्यातून जात नाही.

आधी थोडं रडगाणं गातो. आमचं नियतकालिक लहान, वेबसाइट त्याहून लहान. पहिली साइट ज्यांनी करून दिली, त्यांची म्हणे ‘स्वतःची सिस्टिम’ होती, म्हणजे लेख चढवायचं, बदलायचं सॉफ्टवेअर. तेव्हा आम्हालाही ते भारीच वाटलं. मग कळलं, की एक स्वल्पविराम हलवायचा तरी त्यांना मेल करायचा आणि वाट बघत बसायचं. वैतागून आम्ही म्हटलं, आमचे लेख आम्हाला परत द्या. उत्तर आलं, एक्सपोर्टची सोय सिस्टिममध्ये नाही. लेख आमचे, लिहिणारे आमचे, आणि बाहेर काढायला दारच नाही! शेवटी आम्ही तिघांनी बसून ६४० लेख एकेक करून कॉपी-पेस्ट केले. त्यात फोटोंखालच्या ओळी गेल्या, त्या गेल्याच.

दुसरे एक तज्ज्ञ भेटले २०२२ मध्ये. ते म्हणाले, ओपन सोर्सच घ्या, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर; ड्रुपल ७ वर उभारून देतो, एकदम दणकट. ड्रुपल दणकट आहेच, त्यात खोटं काही नाही. पण ड्रुपल ७ आलं २०११ च्या जानेवारीत. त्याची मुदत संपणार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट बंद होणार, हे तेव्हा जाहीर झालेलं होतं, फक्त तारीख पुढे पुढे सरकत होती. (५ जानेवारी २०२५ ला ती एकदाची संपली.) आणि ७ वरून पुढच्या आवृत्तीवर जाणं म्हणजे साधं अपडेट नव्हे, सगळं बिऱ्हाड हलवणं. हे आम्हाला तुमच्याकडून कळलं, तेही त्या गृहस्थांबद्दल एक वाकडा शब्द न काढता. “त्यांच्या हाताला तेच बसलेलं असेल,” एवढंच म्हणालात. माझं मन तेवढं मोठं नाही, ताई. त्यांना माहीत नव्हतं असं मला आजही वाटत नाही.

तुम्ही आलात तेव्हा मी एक तक्ता करून ठेवला होता. वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल (तिन्ही वेबसाइट चालवायची सॉफ्टवेअर) असे तीन रकाने, खाली पंचवीस-तीस मुद्दे आणि बरोबरच्या खुणा. रात्र जागून केला होता, थोडी शाबासकी मिळेल अशी आशा होती. तुम्ही तो नीट वाचलात, बाजूला ठेवलात आणि विचारलंत, “इथे रोज कोण बसणार?”

मी काकांकडे बोट केलं. काका म्हणजे आमचे मुद्रितशोधक, वय ६८. त्यांना आजवर कुणी या बाबतीत काही विचारलंच नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं?

तुम्ही आपल्या लॅपटॉपवर तिन्ही सिस्टिमी मांडून आणल्या होत्या. काकांना म्हणालात, हा एक लेख आणि हा एक फोटो, तिन्हीकडे चढवून बघा. आणि स्वतःचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवलेत. काका चुकले, अडले, मेनूत हरवले, पण ते हात काही हलले नाहीत. माझे मात्र तीनदा माउसकडे गेले. तिसऱ्यांदा तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, की मी उठून खिडकीशीच जाऊन उभा राहिलो.

ड्रुपलमध्ये काकांना हवं ते सापडलं, पण त्याआधी नको ते बरंच दिसलं. जूमलात लेख जतन झाला, पण पहिल्या पानावर येईना, कारण तो ‘फीचर्ड’ करायचा राहिला होता. वर्डप्रेसमध्ये दर परिच्छेदाची वेगळी चौकट होते, हे बघून काका करवादले, “परिच्छेदाला पेटी कशाला?” पण करवादत का होईना, लेख फोटोसकट चढवून मोकळे झाले. झाला निवाडा. तुम्ही तेव्हाच स्पष्ट सांगितलंत, की वर्डप्रेस सगळ्यांत चांगलं आहे म्हणून नव्हे, यांना जमलं म्हणून घ्यायचं. “चार भाषांत साइट चालवायची असती तर ‘जूमलाचा विचार करा’ म्हणाले असते, त्यात ती सोय मुळातच आहे. नाना तऱ्हेच्या नोंदी, कोणाला काय दिसावं याचे बारीक नियम असं काही असतं तर ड्रुपल. तुमच्याकडे आहेत लेख आणि काका!”

दुधाने तोंड पोळलेला मी. विचारलं, उद्या यांनीही हात वर केले तर? तेव्हा तुम्ही बी-टूची गोष्ट सांगितलीत. त्या नावाचं एक ब्लॉग लिहायचं सॉफ्टवेअर होतं. ते लिहिणारा माणूस दिसेनासा झाला आणि काम ठप्प पडलं. पण परवाना जीपीएल होता, म्हणजे कोणीही ते घ्यावं, बदलावं, पुढे न्यावं. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी २००३ मध्ये तेच उचलून पुढे चालवलं, त्याचं वर्डप्रेस झालं. जूमलाही असंच २००५ मध्ये मॅम्बोतून फुटून निघालं. “करणारा निघून गेला तरी काम अडत नाही, अशी ही सोय आहे,” असं म्हणालात. हे वाक्य तुम्ही स्वतःबद्दल बोलत होतात, हे कळायला मला दोन आठवडे लागले.

मधल्या दोन आठवड्यांतलं तांत्रिक काही लिहीत नाही, मला ते धड समजलेलंही नाही. एक गंमत मात्र सांगतो. आमचा एक लेख होता, ‘पावसाआधीच्या संध्याकाळी आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी’. चढवला, आणि बघतो तर त्याच्या वेबपत्त्यात नुसतं ‘पावसाआधीच्या-संध्याकाळी’. आजोबा गायब! काका घाबरले, आपण काही दाबलं का म्हणून. तुम्ही कागदावर हिशेब मांडलात. पत्त्याला जागा २०० अक्षरांची, आणि आपलं देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, आत साठवताना नऊ अक्षरांची जागा खातं. बावीस चिन्हांत खेळ खलास. तेव्हा पत्ता आपल्या हाताने छोटा लिहायचा. काका इतके खूश झाले की तो हिशेब त्यांनी वहीत उतरवून घेतला, आणि आता येईल त्याला ऐकवतात.

आता ती संध्याकाळ.

सगळं झालं होतं. मी निरोपाची वाक्यं जुळवत होतो. तुम्ही वापरकर्त्यांची यादी उघडलीत. दोन नावं होती, तुमचं आणि माझं. तुमच्यापुढे लेखांचा आकडा ६४०, कारण चढवले तुम्ही. माझ्यापुढे १२, तेही सराव म्हणून. तुम्ही खुर्ची मागे सरकवलीत आणि म्हणालात, “आता मला काढा.”

मी म्हटलं, राहू दे की, कधी लागलं तर. तुम्ही म्हणालात, “लागलं तर तुम्ही नवं खातं उघडून द्याल. चावी कोणाला द्यायची ते तुम्ही ठरवायचं. आणि माझं मला काढता येत नाही, ही सिस्टिम ते करू देत नाही.”

मी तुमच्या नावाखालचा ‘काढून टाका’ दाबला. पडद्यावर प्रश्न आला, की या व्यक्तीच्या मजकुराचं काय करायचं? पर्याय दोन. सगळा मजकूर पुसायचा, नाहीतर दुसऱ्या कोणाच्या नावावर करायचा. माझं बोट तसंच थांबलं. बॅकअप तासाभरापूर्वीच घेतला होता, तुम्हीच घ्यायला लावला होता, तरी घशाला कोरड पडली. पहिल्या मंडळींनी आमचे लेख अडकवून ठेवले होते, आणि इथे एका चुकीच्या ठिपक्यावर ते सगळे पुसायचे अधिकार माझ्या हातात! तुम्ही म्हणालात, “दुसरा पर्याय. घाई नको, आधी वाचा.” हात मांडीवरच.

मी वाचलं. निवडलं. दाबलं. यादीत एकच नाव उरलं, माझं, आणि पुढे आकडा ६५२. मला भरून आलं, ताई. तुम्ही पर्समध्ये पेन शोधत होतात.

मग तुम्ही तो कागद दिलात. होस्टिंग, डेटाबेस, डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख, बॅकअप कुठे ठेवलाय, सगळं तुमच्या सुबक अक्षरात. पासवर्डची जागा मात्र रिकामी. “मी गेल्यावर सगळे बदला आणि तुम्हीच भरा,” म्हणालात. तुमच्यावर आमचा संशय असता तर गोष्ट वेगळी. आमचा विश्वास होता, आणि तरी तुम्ही तो वापरायचं टाळलंत.

आपल्यापेक्षा जास्त कळणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. बहुतेकांना आपल्यावाचून कोणाचं तरी अडावं असं वाटत असतं, आणि मीही त्यातलाच, तो तक्ता मी उगाच नव्हता केला. ज्यांनी आम्हाला अडवलं ते काही फार दुष्ट नसतील, त्यांनी फक्त दार ठेवायचं टाळलं. तुम्ही पहिल्याच दिवशी एक्सपोर्टचं बटण दाखवलं होतंत, एकही लेख चढवायच्या आधी. तेव्हा मला ते अपशकुनी वाटलं होतं!

गेल्या आठवड्यात नवं अपडेट आलं. मी जागेवर नव्हतो, यायला वेळ लागला. येऊन बघतो तर काका खुर्चीत, आणि स्वयंपाक शिकायला बसावं तशी आमची नवी उपसंपादक मुलगी त्यांच्या शेजारी. काकांनी तिच्याकडून बॅकअप घेववला, फाइल खरंच उतरली का ते उघडून बघायला लावलं. मग म्हणाले, “दाब आता.”

आणि दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

तुमचा,
यादीत उरलेला एकटा. (आता एकटा नाही. तिघं आहोत.)