व्हॉल्व्ह बदलण्याआधी मीटर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेडकडे माळ्यावरचे जुने व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे काचेच्या इलेक्ट्रॉन-नळ्यांवर चालणारे, पुन्हा खाली उतरू लागले आहेत. काही तरुण तर नवे सर्किटही हाताने बांधतात. याचा आनंदच आहे. पण सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: ‘कोणत्या कंपनीचा व्हॉल्व्ह गोड वाजतो?’ मग नामांकित शिक्क्याच्या एका जोडीवर भरमसाट पैसे जातात, आणि सहा महिन्यांत आवाज बसला म्हणून हळहळ सुरू होते. गोड आवाजाचा व्हॉल्व्ह निवडता येतो, पण आपल्या भागात ती निवड हीटरच्या व्होल्टेजपासून सुरू करावी लागते. म्हणून हे पत्र.

ईएल ८४ व ईएल ३४ (स्पीकर चालवणारे) आणि ईसीसी ८३ (त्याआधी आवाज वाढवणारा) या सगळ्या व्हॉल्व्हच्या हीटरला, म्हणजे कॅथोड तापवणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्ट लागतात. दहा टक्के इकडे-तिकडे चालते, म्हणजे ५.७ ते ६.९. व्हॉल्व्ह दीर्घकाळ टिकवायचा असेल तर ६.० ते ६.६ मध्येच ठेवावे. आता आपल्याकडची वीज पाहा. शेतीपंपांचा भार चढला की गावात व्होल्टेज १८० पर्यंत उतरते, आणि रात्री उशिरा भार सुटला की २५० च्या वर जाते. ट्रान्सफॉर्मर २३० चा असेल तर २५० वर हीटरला ६.८५ व्होल्ट मिळतात. जुन्या सेटच्या मागची व्होल्टेज-चकती २२० वर असेल तर तेच ७.१ च्या पुढे जाते. अशाने इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कॅथोडवरचा लेप उडून ग्रिडवर, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर, बसतो, ग्रिड स्वतःच इलेक्ट्रॉन सोडू लागते, बायस (ग्रिडचे ठरलेले ऋण व्होल्टेज) सुटतो आणि इलेक्ट्रॉन झेलणारी प्लेट लाल होते. उलट १८० वर हीटरला जेमतेम ४.९ व्होल्ट मिळतात. प्लेटचे व्होल्टेजही त्याच प्रमाणात पडलेले असते. तबल्याच्या बायाँचा घुमारा जातो, तो नुसता ढप्प वाजतो, आणि दुकानदार सांगतो, ‘व्हॉल्व्ह उतरला’. तो उतरलेला नसतो.

म्हणून मीटर एसीवर ठेवून, सगळे व्हॉल्व्ह जागेवर असताना, सॉकेटवरच मोजावे: ईएल ८४ ला ४ आणि ५ पिनवर, ईएल ३४ ला २ आणि ७ वर. ईसीसी ८३ मध्ये ४ आणि ५ बहुधा एकत्र जोडलेल्या असतात, तिथे त्या दोन्ही आणि ९ यांच्यात. दुपारी एकदा आणि रात्री अकरानंतर एकदा. चकतीवर २४० किंवा २५० चा टॅप असेल तर निम्मे काम तिथेच झाले. टॅप नसेल तर १२ व्होल्ट, २ अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. त्याची प्रायमरी मेनवर आणि सेकंडरी अ‍ॅम्प्लिफायरच्या वाटेत उलट्या फेजने सिरीजमध्ये जोडली की २५० चे २३७ होतात. शंभर वॉट ओढणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला तो पुरून उरतो. जोडणी उलटी झाली तर व्होल्टेज कमी होण्याऐवजी वाढते, तेव्हा आधी फक्त बल्ब लावून मोजावे. रिलेचा स्टॅबिलायझर गाणे चालू असताना टकटकतो. सर्वो परवडत असेल तर तोच घ्यावा.

व्हॉल्व्हवर खापर फोडण्याआधी कपलिंग कपॅसिटर, म्हणजे दोन टप्प्यांमध्ये डीसी अडवून फक्त आवाज पुढे सोडणारा, तपासावा. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे मेणकागदी कपॅसिटर हमखास गळतात आणि आधीच्या टप्प्याच्या प्लेटचे व्होल्टेज पुढच्या ग्रिडवर सोडतात. ईएल ८४ काढून ठेवावा, सेट चालू करावा आणि सॉकेटच्या २ नंबर पिनवर चॅसिसच्या सापेक्ष डीसी मोजावे. कॅथोड-बायसच्या (कॅथोडला जोडलेल्या रेझिस्टरवर बायस ठरणाऱ्या) सेटमध्ये तिथे शून्य हवे. अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी कपॅसिटर बदलावा, मगच नवा व्हॉल्व्ह लावावा. नाहीतर महागडी जोडीही त्याच वाटेने जाते. हे करताना चॅसिसमध्ये २५० ते ४५० व्होल्ट डीसी असतात आणि स्विच बंद केल्यावरही ते फिल्टर कपॅसिटरमध्ये राहतात. १० किलो-ओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने ते उतरवून, मीटरवर खात्री करूनच आत हात घालावा. चालू सेट मोजताना एक हात खिशात असावा. आणि स्पीकर जोडल्याशिवाय सेट वाजवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फुटते.

आता निवडीकडे. काचेवरची अक्षरे पुरावा नव्हेत. ती बोटाने पुसली जातात आणि नव्याने छापताही येतात. टंग-सोल, मलार्ड ही जुनी नावे आज रशियातल्या कारखान्यात बनणाऱ्या नव्या व्हॉल्व्हवरही असतात. ते व्हॉल्व्ह वाईट नाहीत, पण जुन्या मलार्डचा भाव त्यांना देऊ नये. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने (बीईएल) १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. मराठवाड्यातल्या जुन्या रेडिओ दुकानांच्या फळ्यांवर तो माल अजून सापडतो. आमच्या मते, न वापरलेला आणि तपासलेला बीईएलचा ईएल ८४ मिळत असेल तर परदेशी शिक्क्यामागे धावण्याचे कारण नाही.

हातात घेतल्यावर आधी गेटर पाहावा, म्हणजे काचेच्या आतला चंदेरी डाग. तो पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, व्हॉल्व्ह संपला. कडेने तपकिरी, पातळ होत गेलेला असेल तर बराच वापर झाला आहे. मग पिना: वाकलेली पिन जोराने सरळ केली की काच तडकते. मग थंड असताना मीटरने पाहावे: हीटरच्या दोन पिनांत थोडेच ओहम दाखवायला हवेत, आणि हीटर-कॅथोड व ग्रिड-कॅथोड यांत काहीच दाखवता कामा नये. दुकानात टेस्टर असेल तर फक्त एमिशन (कॅथोड किती इलेक्ट्रॉन सोडतो) न पाहता जीएम विचारावा, म्हणजे ग्रिडवरच्या एका व्होल्टने प्लेटचा करंट किती मिलिअँप बदलतो ते. २५० व्होल्ट प्लेट आणि ४८ मिलिअँप करंटवर ईएल ८४ चा जीएम साधारण ११ असतो, ईसीसी ८३ चा त्याच प्लेट व्होल्टेजवर १.६.

एका जागी फसगत फार होते. ‘रशियन १२एएक्स७’ (ईसीसी ८३ चेच अमेरिकन नाव) म्हणून ६एन२पी गळ्यात मारला जातो. त्याचा हीटर ४ आणि ५ मध्ये ६.३ व्होल्टचा आहे, ९ नंबरची पिन नुसती शील्डची. ४-५ एकत्र असलेल्या सॉकेटात तो पेटतच नाही, आणि १२.६ व्होल्टच्या जोडणीत हीटरला दुप्पट व्होल्टेज मिळते. ६पी१४पी मात्र ईएल ८४ च्या जागी थेट बसतो आणि चांगला दणकट असतो. तसेच ६एल६ च्या जागी ईएल ३४ घालताना हीटरचा हिशेब करावा: ०.९ अँपिअरच्या जागी १.५. चार व्हॉल्व्हला २.४ अँपिअर जास्त, आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. शिवाय ईएल ३४ ची १ नंबर पिन कॅथोडला जोडलेली आहे ना, हे पाहावे लागते.

पुश-पुलला (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने स्पीकर चालवतात त्या रचनेला) जोडी जुळलेली हवी, करंटमधला फरक पाच टक्क्यांच्या आत. जुळली नाही तर ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमध्ये डीसी उरते, बास पातळ होतो आणि हमही (विजेची घूं-घूं) वाढतो. कॅथोडवरचे व्होल्टेज मोजून बायस काढावा. १३५ ओहमच्या कॅथोड-रेझिस्टरवर ७.३ व्होल्ट म्हणजे ५४ मिलिअँप; स्क्रीनचे (दुसऱ्या ग्रिडचे) साडेपाच वजा जाता प्लेटला ४८.५. प्लेट ते कॅथोड २५० व्होल्ट असतील तर १२ वॉट झाले, म्हणजे ईएल ८४ ची कमाल मर्यादा. आपल्याकडच्या मे महिन्यात खोलीच चाळिशी गाठते, तिथे आम्ही साडेदहा वॉटच्या पुढे जात नाही. शोकेसमध्ये तर हा सेट ठेवूच नये. रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा व्हॉल्व्ह) ईझेड ८१ असेल तर पहिला फिल्टर कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा नको. ‘हम जावा’ म्हणून २२० बसवला की स्विच चालू करताच ठिणगी पडते.

इतके झाल्यावर आवाज ऐकायला बसावे. सर्वाधिक फरक पडतो तो पहिल्या टप्प्यातल्या ईसीसी ८३ ने, कारण त्याचा दोष पुढचे सगळे टप्पे वाढवत नेतात. पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने काचेवर हलकी टिचकी मारावी. स्पीकरमधून बारीक टक् आले तर चालेल, घंटेसारखे टिंग्ग रेंगाळले तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक. पुढच्या टप्प्यात तोच कदाचित बिनतक्रार चालेल. एका वेळी एकच व्हॉल्व्ह बदलावा आणि दर वेळी पातळी जुळवावी: मोबाईलवरून २०० हर्ट्झचा सूर सोडून स्पीकरच्या टोकांवर एसी व्होल्टेज मोजावे. आधीच्या व्हॉल्व्हला २.०० आले आणि नव्याला २.२०, तर जवळजवळ एक डेसिबलचा फरक झाला, आणि कान मोठ्यालाच गोड म्हणतो. आवाजाची मूठ फिरवून २.०५ च्या आत आणावे, मगच तुलना. ईसीसी ८३ च्या जागी ईसीसी ८२ घालून ‘किती शांत वाजतो’ म्हणणे व्यर्थ आहे. एकाचे गुणन १००, दुसऱ्याचे विशीच्या आत.

ऐकायला तंबोऱ्यासारखे दुसरे काही नाही. तार विरत जाताना तिच्या मागे कुरकुर किंवा हम असेल तर तिथे उघडा पडतो. कीर्तनातला टाळ हा दुसरा कस: बिघडलेल्या व्हॉल्व्हवर टाळाची किणकिण पत्र्यासारखी होते. खोली बारा बाय बाराची असेल तर ईएल ८४ च्या एका जोडीचे दहा-अकरा वॉट भजनाला भरपूर होतात.

शेवटी एक विनंती. जुनी रेडिओ दुकाने बंद होताना व्हॉल्व्हचे डबे किलोच्या भावाने भंगारात जातात, आणि काही तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत व्हॉल्व्ह-टेस्टर धूळ खात असू शकतात. ते निर्लेखित करण्याआधी आपल्या वृत्तपत्रातून एक आवाहन जावे, म्हणजे ज्यांना हवे ते येऊन नेतील. तोवर ज्यांच्या घरी असे डबे आहेत त्यांनी ज्यांचा गेटर अजून चंदेरी आहे ते व्हॉल्व्ह वेगळे काढावेत, काचेवरची अक्षरे न पुसता एकेक कागदात गुंडाळावा, नंबर वर लिहावा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरड्या जागी ठेवावे.

आपले,
व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर बांधणारे व दुरुस्त करणारे काही वाचक,
जालना