तो नकाशा १९२०चा नाही, आणि सीमाप्रश्नाचा तर मुळीच नाही

संपादक साहेब, नमस्कार.

खानापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या अडगळीत जगाचा जुना नकाशा सापडल्याची बातमी तुमच्या पेपरात वाचली. फोटो मोठा छापलात ते बेस्ट केलंत, पण खाली "१९२०चा नकाशा, बेळगाव मुंबई प्रांतात असल्याचा पुरावा" असं जे टाकलंय ते काय पटेना बघा.

आधी वर्षाचं. मोबाईलवर झूम करून बघितलं तर तुर्कस्तानात इस्तंबूल छापलंय, कॉन्स्टँटिनोपल नाही, म्हणजे १९३०च्या पुढचा. सौदी अरेबिया आहे, ते नाव १९३२चं, आणि जपान्यांनी त्याच वर्षी चीनच्या ईशान्येला उभं केलेलं मांचुको पण आहे. पण इराणच्या जागी अजून पर्शियाच, ते १९३५ला बदललं, आणि ॲबिसिनियाचा, म्हणजे आताच्या इथिओपियाचा, रंग वेगळा, म्हणजे मुसोलिनीनं १९३६ला तो गिळायच्या आधीचा. छापखानेवाले जुनीच नावं काही वर्षं ओढायचे म्हणून थोडं इकडंतिकडं धरा, पण १९२० काही केल्या नाही. तेव्हाचा असता तर लेनिनग्राडच्या जागी पेट्रोग्राड दिसलं असतं की.

मला त्यात सगळ्यात भारी वाटलं ते डान्झिग, म्हणजे आताचं पोलंडमधलं ग्दान्स्क. पोलंडला समुद्र मिळावा म्हणून जर्मनीच्या मधून पट्टा काढला, पूर्व प्रशिया पलीकडं एकटा पडला, आणि डान्झिगची माणसं बहुतेक जर्मन बोलणारी पण शहर ना जर्मनीचं ना पोलंडचं, राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली, आणि १ सप्टेंबर १९३९ला दुसऱ्या महायुद्धाची लढाई पेटली ती तिथंच. आपल्या भागातल्या पोरांना हे शिकवायला मास्तरांना फार कष्ट पडायचे नाहीत.

आता पुराव्याचं. अहो त्या नकाशात अख्खा हिंदुस्थान एकाच गुलाबी रंगात आहे, गोवा तेवढा वेगळा, प्रांतांच्या रेघाच नाहीत तर मुंबई प्रांत दिसणार कुठून? आणि बेळगाव १९५६पर्यंत मुंबईत होतं यात वाद कुणाचा आहे, पण धारवाड, विजापूर, कारवार पण मुंबईतच होतं, कर्नाटकचा वकील पहिलं हेच विचारणार. उलट आपलं बेळगावातलंच शहापूर सांगली संस्थानात होतं, ते काय करायचं! आपली बाजू खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि सलगता या पाटसकर सूत्रावर उभी आहे, २००४पासून सुप्रीम कोर्टात आहे, तिला असला ठिगळ लावून हसू कशाला करून घ्यायचं.

शाळेला एक निरोप द्या, उत्साहात लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही आणि कागद वाया जातो. सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, चिकटपट्टी पण नको. आणि नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात बहुतेक छापणाऱ्याचं नाव असतंय, तुमच्या फोटोत नेमका तोच कापलाय, पुढच्या अंकात तेवढा छापा.

— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव