कोरडा दिवस कोणत्या वारी पाळायचा, साहेब?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : डेंग्यू आणि नळाच्या पाण्याचा टप्पा (एकदा पाणी आल्यापासून पुन्हा येईपर्यंतचे दिवस)

साहेब, नमस्कार.

मागच्या ऑगस्टातली गोष्ट. तपासणीला आलेली मुलगी बॅटरी घेऊन आमच्या मोरीत शिरली, निळ्या टिपाडात उजेड मारला आणि म्हणाली, "मावशी, अळ्या झाल्यात. हे आत्ताच्या आत्ता ओतून द्या." मी म्हटलं, "ओतते की. पण नळाला पाणी येऊन पाच दिवस झालेत, पुढचं अजून तीन-चार दिवसांनी. तोवर तुझ्या घरून आणू का?" पोरगी हसली. तिच्या घरीही हीच गत असणार. जाताना एक कागद देऊन गेली: आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा.

तो कागद मी फ्रिजवर चिकटवून ठेवला आहे. रोज वाचते. त्यात काहीच चूक नाही, म्हणून तर हे पत्र.

मी छत्रपती संभाजीनगरात गारखेडा भागात राहते. स्पर्धा परीक्षेच्या पोरांचे बावीस डबे करते. घरात आम्ही पाच माणसं. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हा सरकारी निकष आहे असं वाचलं आणि पाठीमागच्या कॅलेंडरवर हिशोब मांडला. पाच माणसांचे रोजचे ६७५ लिटर, आठ दिवसांचे ५,४००. माझ्याकडे हौद दोन हजारांचा, गच्चीवरची टाकी हजाराची, दोनशेची चार टिपाडं, शिवाय हंडे-कळश्या. म्हणजे घरात चालायला जागा उरली नाही तरी सरकारी निकषाएवढं पाणी काही साठत नाही. डब्यांच्या भांड्यांचं पाणी तर यात धरलेलंच नाही.

आता डासाचा हिशोब बघा. डेंग्यूचा एडिस डास गटारीत अंडी घालत नाही, त्याला आपल्यासारखंच स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस. आणि आमच्याकडे पाणी येतं आठव्या, कधी दहाव्या दिवशी. उन्हाळ्यात त्याहून उशिरा. कुणी मुद्दाम बसून जुळवलं असतं तरी इतकं नेमकं जुळलं नसतं.

त्यातही एक मेख आहे. ही मादी अंडी घालते ती पाण्याच्या वर, टिपाडाच्या ओल्या कडेला. ती तिथं घट्ट चिकटतात, पाणी ओतून दिलं तरी महिनोन्‌महिने सुकी राहतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणजे नुसतं ओतून भागत नाही, आतून काथ्यानं खसखसून घासावं लागतं. घासायलाही पाणीच लागतं, साहेब.

माझी आजी रोज पहाटे शिळं पाणी झाडांना घालायची, रांजण-घागरी राखेनं घासायची आणि मग ताजं भरायची. शिळं पाणी देवालाही चालत नाही म्हणायची. तुमचा कोरडा दिवस आमच्या घरी रोज पाळला जात होता, कागदाविना. आड घराशेजारी होता म्हणून ते जमत होतं. आता मी नवीन पाणी आलं की जुन्यावरच भरून घेते. रात्री दोनला नळ येतो, पाऊण तासात जातो, त्यात मोटार लावायची, हौद भरायचा, वर चढवायचं. त्या घाईत अर्धं टिपाड ओतून देणारी बाई मला मराठवाड्यात दाखवा. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पाण्याच्या ठिकाणी गर्दी नको म्हणून जमावबंदी लागली. माझी बहीण तिथं असते. तेव्हापासून तिला रिकामं भांडं बघवत नाही, चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवते.

सप्टेंबरात माझ्या नातीला ताप आला. नऊ वर्षांची आहे. डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणायची. तिसऱ्या दिवशी एका खासगी दवाखान्यात नेलं, डेंग्यूची पट्टीवरची झटपट तपासणी, एनएस-१ म्हणतात ती, पॉझिटिव्ह आली, प्लेटलेट चाळीस हजारांवर उतरल्या. मग घरोघरी होतं तेच झालं. कुणी पपईच्या पानांचा रस आणला, कुणी शेळीचं दूध, किवी नावाचं ते फळ मी जन्मात पहिल्यांदा विकत घेतलं. ओळखीच्या एका डॉक्टरीण बाईंनी समजावलं की रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट चढवायची सहसा गरज नसते. खरी भीती ताप उतरतो तेव्हाची, पोट दुखायला लागलं किंवा उलट्या थांबेनात तर थांबायचं नाही. हे मला अगोदर कुणी सांगितलं असतं तर ताप उतरला म्हणून मी पेढे वाटायला निघाले नसते. पोर वाचली. बिल भरायला गळ्यातली पोत ठेवावी लागली, ती अजून सोडवायची आहे.

पण तुम्हाला सांगायचं ते वेगळंच. माझी नात तुमच्या आकड्यात नाही. पट्टीवरची तपासणी सरकारी मोजणीत धरत नाहीत, प्रयोगशाळेतल्या एलायझा नावाच्या रक्तचाचणीनं पक्कं झालं तरच रुग्ण. ती सोय ठरावीक सरकारी प्रयोगशाळांत, आणि आमच्यासारखे ताप आला की जवळच्या दवाखान्यात पळतात. आमच्या गल्लीत त्या महिन्यात चार घरांत ताप होता. चौघांचीही नोंद कुठं झाली असेल तर ती सोनाराच्या वहीत.

संध्याकाळी धुराची गाडी येते. पोरं मागं पळतात. धूर गटारीवर आणि रस्त्यावर, डास माझ्या मोरीत. शिवाय हा डास चावतो दिवसा, आणि धुरानं फार तर उडते डास मरतात, पाण्यातल्या अळीला त्याचं काही नाही. अळ्या खाणारे गप्पी मासे हौदात सोडा म्हणतात, ते मला पटतं, पण ज्या पाण्यात पोरांचा भात शिजवायचा त्यात मासे सोडले तर माझे निम्मे डबे दुसऱ्या दिवशी बंद होतील.

शहराला पाणी देणारं जायकवाडी धरण इथून पन्नासेक किलोमीटरवर. तिथून पाणी आणायच्या नवीन योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं तेव्हा ती १,६८० कोटींची होती, पुढं २,७४० कोटींवर गेली. २०२२ साली पाणीपट्टी ४,०५० रुपयांवरून २,०२५ केली, तेव्हा आम्ही खूश झालो. खोटं कशाला बोलू? पण आम्हाला अर्ध्या पैशांत पाणी नको होतं, अर्ध्या दिवसांत हवं होतं. तुम्ही म्हणाल, पाणी माझ्या खात्याकडं नाही. तेच तर दुखणं आहे. पाण्याची फाईल एका टेबलावर, डासाची दुसऱ्या, आणि दोन्ही एकाच टिपाडात भेटतात.

म्हणून माझं मागणं मोठ्या पाइपचं नाही, तो येईल तेव्हा येईल. जून ते दिवाळी कुठल्याही वस्तीत पाण्याचा टप्पा पाच दिवसांच्या पुढं जाऊ नये, हे तुमच्या खात्यानं आरोग्याचा नियम म्हणून लिहून द्यावं. रोज पाणी नाही देता येत, मान्य, पण आहे तेच पाणी थोडं थोडं करून लवकर द्या, म्हणजे मला साठवण कमी करता येईल आणि ओतून द्यायला हात धजेल. प्रत्येक वॉर्डात डेंग्यूचे रुग्ण किती हे छापा, आणि त्याच ओळीत तिथं पाणी कितव्या दिवशी आलं तेही छापा. खासगी दवाखान्यातल्या पॉझिटिव्ह पोरांचं रक्त पक्क्या तपासणीसाठी मागवून घ्या. आणि कागद वाटण्याऐवजी प्रत्येक घरी टाकीच्या तोंडाला बांधायला मच्छरदाणीचं कापड आणि एक रबर द्या. माझी जुनी साडी बांधून मी काम चालवते आहे, पण भाड्याच्या खोल्यांतल्या पोरांकडं साड्या कुठून येणार?

तेवढं होईपर्यंत एक कळवा. ती बॅटरीवाली मुलगी परवा पुन्हा येणार आहे. टिपाड अर्धं भरलेलं आहे आणि पाणी शुक्रवारी यायचं आहे. तिला काय सांगू?

आपली,
डबेवाल्या मावशी
गारखेडा परिसर, छत्रपती संभाजीनगर