दाढ काढण्यासाठी गोळ्या थांबवू नकोस

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

दाढी करताना जरा कापले तरी रक्त लवकर थांबत नाही, दंडावर काळेनिळे डाग उठतात, आणि आता दाढ काढायची म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या आठवडाभर बंद ठेवण्याचा तुझा विचार आहे, हे वाचून राहवले नाही. हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नकोस, अशी कळकळीची विनंती आहे.

तुझ्या हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेला स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. रक्तवाहिनीच्या आतल्या पेशींचे अस्तर तिच्यावर चढेपर्यंत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, तिला चिकटून गुठळी होण्याचा धोका असतो. हल्लीच्या स्टेंटवर औषधाचा लेप असतो. त्यामुळे वाहिनी पुन्हा अरुंद होणे टळते, पण अस्तर धरायलाही वेळ लागतो. म्हणूनच अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा तुला दिली आहे तशी टिकाग्रेलॉर देतात. गोळ्या मध्येच सोडल्याने स्टेंट अचानक बंद झाला, तर येणारा झटका जिवावर बेतू शकतो, आणि पहिल्या काही महिन्यांत ही भीती सर्वांत जास्त असते. तुला तर अजून सहा महिनेही झालेले नाहीत.

झटका आल्यानंतर स्टेंट बसवला असेल, तर दोन्ही गोळ्या साधारणपणे १२ महिने चालतात. झटका न येता, केवळ चालताना छातीत दुखते म्हणून बसवला असेल, तर बहुधा ६ महिने पुरतात. आणि वय, जुना अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा कमी हिमोग्लोबिन यांमुळे रक्तस्रावाचे भय मोठे असेल, तर डॉक्टर ही मुदत १ ते ३ महिन्यांवरही आणतात. उलट, जास्त काळ घेणे सर्वांच्याच हिताचे असते असेही नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १२ ऐवजी ३० महिने दोन्ही औषधे घेणाऱ्यांमध्ये स्टेंटमधील गुठळ्या आणि झटके कमी झाले, पण रक्तस्राव वाढला. मुदत संपल्यावर बहुधा दुसरी गोळी थांबते आणि अ‍ॅस्पिरिन पुढे चालूच राहते.

दाढ सहसा गोळ्या चालू ठेवूनच काढता येते; कापसाचा बोळा दाबून धरून किंवा टाके घालून रक्त थांबवतात. दातांच्या डॉक्टरांना डिस्चार्ज कार्ड आधीच दाखव. दुखले म्हणून औषधाच्या दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणू नकोस. पॅरासिटामॉल चालेल का, ते त्यांनाच विचार. डाग पडतात ते त्रासदायक खरे, पण शौचाला डांबरासारखे काळे झाले किंवा उलटीत रक्त दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

हृदयरोगतज्ज्ञांची वेळ ठरली की कळव, मी सोबत येतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव