रोख भरण्याच्या नोंदीतील चूक, परत गेलेला चेक आणि ओव्हरड्राफ्टचा दंड

बार्शी, जि. सोलापूर
दिनांक : २३ जून २०२५

प्रति,
मा. प्रादेशिक व्यवस्थापक,
प्रादेशिक कार्यालय

विषय : ६ जून रोजी भरलेल्या ६८,५०० रुपयांची नोंद ६५,८०० अशी झाल्याने चेक परत गेला व दंड लागला, त्याबाबत.
संदर्भ : शाखेला १० जून रोजी दिलेला अर्ज व शाखेचे १६ जूनचे उत्तर.

महोदय,

बार्शीत आमचे शालेय गणवेशाचे दुकान आहे. ते सासऱ्यांनी सुरू केले, गेली नऊ वर्षे मी चालवते. आपल्या शाखेत दुकानाचे चालू खाते असून त्यावर दोन लाखांची ओव्हरड्राफ्ट मर्यादा आहे, म्हणजे खात्यात शिल्लक नसली तरी तेवढे पैसे बँकेकडून कर्जाऊ उचलता येतात. वर्षभराची उलाढाल मे-जून या दोन महिन्यांत होते, त्यामुळे या दिवसांत खाते मर्यादेच्या अगदी कडेला असते. म्हणूनच चेक लिहिण्याआधी मी वहीत दोनदा हिशेब करते.

शुक्रवारी, ६ जूनला, मी काउंटरवर ६८,५०० रुपये भरले. ५०० च्या १२५, २०० च्या २० आणि १०० च्या २० नोटा. स्लिपवर तपशील लिहिलेला आहे, कॅशिअरने नोटा मशीनवर मोजल्या, शिक्का मारून सही केली आणि माझा भाग फाडून दिला. त्या आधी खात्यावर १,८२,३०० रुपये उचललेले होते. भरणा जमा होऊन सोलापूरच्या गणवेश उत्पादकांना दिलेला ८५,००० चा चेक गेला असता, तर उचल १,९८,८०० झाली असती, म्हणजे मर्यादेच्या आत. शनिवारी बकरी ईदची सुट्टी आणि मग रविवार. सोमवारी, ९ तारखेला, चेक रक्कम अपुरी म्हणून परत गेला.

मला हे बँकेकडून कळले नाही. सोलापूरहून फोन आला, "ताई, चेक परत आलाय." चौदा वर्षांच्या व्यवहारात त्यांना आमच्याबद्दल असे बोलावे लागले नव्हते. मला काही सुचेना.

रात्री वही आणि स्टेटमेंट समोर घेऊन बसले. फरक २,७०० चा निघाला. सासऱ्यांनी मला हिशेब शिकवताना सांगितले होते की फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर आधी आकडे उलटेसुलटे झालेत का ते बघायचे. २,७०० ला नऊने भाग जातो. ६८,५०० च्या जागी ६५,८०० टाकले गेले होते. भरणा केल्यावर मोबाइलवर संदेश आला होता, तो मी गिऱ्हाइकाच्या गर्दीत नीट वाचला नाही. तेवढी चूक माझी आहे आणि ती मी मान्य करते.

१० तारखेला स्लिप घेऊन शाखेत गेले तर उत्तर मिळाले की त्या दिवशीची रोकड जुळली आहे, नोटाच कमी असतील. महोदय, नोटा कमी असत्या तर स्लिपवरचा आकडा खोडून माझी सही घेतली असती. शिक्का ६८,५०० वर आहे. मी दुकानात बसणारी बाई आहे, काउंटरवर चार लोकांसमोर खोटी ठरवली गेले. तीन दिवसांनी, १३ जूनला, २,७०० रुपये खात्यात जमा झाले. कुठे सापडले, कसे सापडले, याबद्दल एक शब्दही कोणी सांगितला नाही.

मधल्या काळात झाले ते असे. चेक परत गेल्याचे ५०० व जीएसटी ९० मिळून ५९० रुपये कापले गेले. सोलापूरच्यांच्या बँकेने त्यांना ११८ रुपये लावले, ते मी त्यांना दिले. मंगळवारी दुकानातले ११,००० रुपये भरून मी त्यांना ८५,००० एनईएफटीने पाठवले. त्याच दिवशी टेम्पोचा ९,२०० चा हप्ता गेला आणि उचल २,००,२९० झाली. मर्यादा २९० रुपयांनी ओलांडली म्हणून पुन्हा ५९० रुपये दंड! माझे २,७०० रुपये बँकेकडेच होते आणि दंडही मीच भरला.

शाखेच्या उत्तरात शुल्क "सिस्टिमने आपोआप लावले" असून परत करता येत नाही, असे म्हटले आहे. सिस्टिममध्ये चुकीचा आकडा माणसाने टाकला, तेव्हा दुरुस्तीही माणसाने करावी. कर्जावरचा दंड वाजवी आणि चुकीच्या प्रमाणात असावा, असे रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात म्हटले आहे. २९० रुपयांना ५०० हे कोणते प्रमाण? कर्जाच्या अटी मोडल्याबद्दलच्या अशा दंडावर जीएसटी लागत नाही, असा खुलासाही जानेवारी २०२५ मध्ये झाला आहे. आमच्या करसल्लागारांनी तो मला दाखवला.

तेव्हा कापलेले १,१८० रुपये आणि मी सोसलेले ११८ रुपये परत करावेत, आणि २,७०० रुपये १३ जूनऐवजी ६ जूनपासून जमा धरून व्याज दुरुस्त करावे. व्याज पाच-सहा रुपयांपेक्षा जास्त नसेल, पण स्टेटमेंटवर तारीख बरोबर दिसली पाहिजे.

मला सर्वांत जास्त हवे आहे ते बँकेच्या लेटरहेडवरचे पत्र. चेक बँकेच्या नोंदीतील चुकीमुळे परत गेला, खातेदाराचा दोष नव्हता, एवढे त्यात लिहावे. ते मी सोलापूरला पाठवणार आहे. आधी आम्हाला ४५ दिवसांच्या उधारीवर माल मिळायचा. आता आधी पैसे, मग गाडी. १६ जूनला शाळा उघडल्या तेव्हा पहिली-दुसरीच्या मापाचे गणवेश माझ्याकडे नव्हते. लेकरांचा हात धरून आलेल्या आयांना मी परत पाठवले, आणि त्यातल्या काही पुन्हा आल्या नाहीत.

त्या कॅशिअरच्या पगारातून हे पैसे कापू नयेत, ही वेगळी विनंती. महिन्याचा पहिला आठवडा होता, पेन्शनची रांग दारापर्यंत होती आणि रोख घ्यायला एकच खिडकी उघडी होती. दुसरी खिडकी का बंद होती, हे मात्र आपण शाखेला विचारावे.

१० जूनच्या अर्जापासून ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार नोंदवणार आहे.

आपली विश्वासू,
खातेदार

सोबत : भरणा स्लिपची प्रत, ६ ते १६ जूनचे स्टेटमेंट, चेक परतीचा मेमो, १० जूनच्या अर्जाची पोच, शाखेचे उत्तर.