पोर्टरच्या पाठीवर किती किलो?

संपादक महोदय,

मागच्या वर्षी एव्हरेस्ट बेस कॅम्प केला, ५३६४ मीटर, फोटो ढीगभर काढले पण डोक्यात राहिला तो आमचा पोर्टर, दोन डफल बॅगा एकत्र बांधून कपाळावरच्या पट्ट्यावर, नाम्लो म्हणतात त्याला, पेलायचा आणि आमच्या आधी लॉजवर हजर. आपल्याला वाटतं हे सगळे शेर्पा, यांना उंची लागत नाही. तसं काही नसतं हो, बरेचजण खालच्या डोंगरातले राई, तामांग समाजातले, त्यांचंही वाटेवरच्या नामचे गावाच्या वर डोकं ठणकतं, उलट्या होतात, मजुरी बुडेल म्हणून बोलत नाहीत एवढंच. आणि आमच्या बॅगेत चिवडा, चकल्या (लाडू माझेच, खोटं कशाला बोलू). पुण्या-मुंबईहून जाणाऱ्यांनी पैसे भरतानाच विचारा, पोर्टरचा विमा काढलाय का, एकाच्या पाठीवर किती किलो?

— एक ट्रेकर, पुणे